पलीकडची लिंक अलीकडे: दूरच्या सेशनमधून आपल्याच संगणकावर लिंक आणि फाइल उघडण्याची रीत

एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून सुरक्षित शिरण्याचं साधन) सर्व्हरवर शिरून काम चाललेलं असतं. एखादी कमांड मध्येच सांगते की लॉगिनसाठी ब्राउझर उघडतोय, आणि पुढे काहीच घडत नाही. कधी टर्मिनलमध्येच डब्ल्यू३एमसारखा अक्षरी ब्राउझर उघडतो आणि त्यात लॉगिनचं पान अर्धवट दिसतं. रिमोट डेस्कटॉपवर लिंक उघडते खरी, पण पलीकडच्या ब्राउझरमध्ये. तिथे ना तुमचे पासवर्ड, ना बुकमार्क, आणि व्हिडिओ अडखळत चालतो.

कारण साधं आहे. ‘हे उघड’ असं प्रोग्रॅम ज्या मशीनला सांगतो, ते मशीन तो स्वतः चालतो ते असतं. तुमचा पडदा कुठे आहे हे त्याला कळत नाही. त्यामुळे तो निरोप अलीकडे आणायची वाट आपल्यालाच करून द्यावी लागते.

एक शब्द आधी बाजूला ठेवू. ‘होस्ट’ म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या भाषेत तुमच्या समोरचा खरा संगणक, आणि रिमोट डेस्कटॉपच्या भाषेत नेमका दूरचा. हा घोळ टाळण्यासाठी इथे समोरच्या संगणकाला ‘अलीकडचं मशीन’ आणि दूरच्याला ‘पलीकडचं मशीन’ म्हटलं आहे. कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा.

आधी पाहा, काही बांधायची गरज आहे का

टर्मिनलची खिडकी अलीकडच्याच मशीनवर असते. त्यामुळे तिच्यात छापलेली लिंक क्लिक केली की ती अलीकडेच उघडते. विंडोज टर्मिनल आणि ग्नोम टर्मिनलमध्ये कंट्रोल दाबून क्लिक करा, आयटर्म२मध्ये कमांड दाबून. दिवसातून दोन-तीनच लिंका उघडायच्या असतील तर एवढं पुरेसं आहे.

हे फसतं ते बहुधा टीमक्समध्ये, म्हणजे एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या आणि जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. माउस मोड चालू असला की क्लिक टीमक्सच गिळतो. सोबत शिफ्ट दाबून ठेवा, आयटर्म२मध्ये ऑप्शन. दुसरी अडचण लांब लिंकची. पडदा उभा विभागलेला असेल तर लिंक दोन ओळींत तुटते आणि अर्धीच उघडते. प्रिफिक्स (टीमक्सच्या कमांडआधी दाबायची कळ) आणि मग झेड दाबून तो भाग पूर्ण पडदाभर करा, मग क्लिक करा. लॉगिनच्या लिंका सहज हजार अक्षरांच्या असतात, आणि तुटलेली लिंक ‘अवैध विनंती’सारखी चूक दाखवते. माणूस मग पासवर्ड तपासत बसतो, दोष मात्र तुटलेल्या ओळीचा असतो.

लिंक कॉपी करून नेण्यासाठी ओएससी ५२ नावाचा टर्मिनल-संकेत आहे. पलीकडचा प्रोग्रॅम तो छापतो आणि मजकूर अलीकडच्या क्लिपबोर्डवर येतो. टीमक्सच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमनाही हे करू द्यायचं असेल तर ‘सेट-क्लिपबोर्ड’ हा पर्याय ‘ऑन’ करावा लागतो. आयटर्म२मध्ये जनरल विभागातल्या सिलेक्शनखाली, टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमना क्लिपबोर्ड वापरू देणारी खूण करावी लागते.

व्हीएस कोड वापरत असाल तर

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरच्या रिमोट-एसएसएच एक्स्टेन्शनमध्ये हे काम आधीच करून ठेवलेलं आहे. त्याच्या आतल्या टर्मिनलमध्ये ‘ब्राउझर’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना मिळणारी सेटिंग; नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत) एका मदतनीस स्क्रिप्टकडे वळवलेला असतो, म्हणून लिंक अलीकडे उघडते. ‘कोड’ कमांडपुढे फाइलचं नाव दिलं की ती फाइल अलीकडच्या खिडकीत येते. पलीकडे सुरू झालेले पोर्ट (प्रोग्रॅम ज्यांवर जोडणीची वाट पाहतो ते क्रमांक) ‘पोर्ट्स’ पॅनलमध्ये दिसतात आणि बहुतेक वेळा आपोआप जोडले जातात.

इथेही टीमक्स आडवा येतो. काल सुरू केलेल्या टीमक्समध्ये कालचेच व्हेरिएबल असतात. आज व्हीएस कोड नव्याने जोडला की त्याचं सॉकेट (निरोप घेणारी फाइल) बदलतं, पण टीमक्समधली शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) जुन्याच पत्त्यावर निरोप धाडत राहते. टीमक्सच्या ‘अपडेट-एन्व्हायर्नमेंट’ यादीत ‘ब्राउझर’ आणि ‘व्हीएसकोड_आयपीसी_हुक_सीएलआय’ ही दोन नावं जोडा, आणि व्हीएस कोडच्या टर्मिनलमधूनच टीमक्सला पुन्हा अटॅच व्हा. याचा फायदा त्यानंतर उघडलेल्या पेनना (टीमक्सच्या पडद्याच्या भागांना) होतो. आधीपासून चालू असलेल्या शेलला नवे व्हेरिएबल मिळत नाहीत, ती बंद करून नवी घ्यावी लागते.

स्वतःची वाट बांधणं: एसएसएचचा रिव्हर्स फॉरवर्ड

साधं टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाची रीत ही. तिचे तीन भाग आहेत: अलीकडे ऐकणारा एक छोटा प्रोग्रॅम, मधे एसएसएचची वाट (रिव्हर्स फॉरवर्ड, म्हणजे पलीकडून अलीकडे येणारी), आणि पलीकडे निरोप टाकणारी स्क्रिप्ट.

पहिला भाग, अलीकडचा श्रोता. पायथनमध्ये तीस-चाळीस ओळींत होतो. त्याने १२७.०.०.१ या पत्त्यावर (मशीनचा स्वतःसाठीचाच पत्ता), समजा १७८७० या पोर्टवर ऐकायचं. पोर्ट निवडताना ३२७६८च्या खालचा आणि १०२४च्या वरचा घ्या. लिनक्स आपल्या तात्पुरत्या जोडण्यांसाठी सहसा ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट वापरतो आणि विंडोज ४९१५२च्या पुढचे, त्यामुळे तिथला आकडा घेतला तर कधीतरी टक्कर होते. प्रत्येक जोडणीतून फक्त पहिली ओळ वाचायची, ८१९२ बाइटपर्यंत, आणि दोन सेकंदांत ओळ आली नाही तर जोडणी तोडायची. मग यूआरएललिबच्या ‘यूआरएलस्प्लिट’ने लिंक फोडून पाहायची: सुरुवात ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ असलीच पाहिजे, साइटचं नाव रिकामं नको, मधे अदृश्य नियंत्रक अक्षरं नकोत. या चाळणीतून उतरलेली लिंकच ‘वेबब्राउझर’ मॉड्यूलच्या ‘ओपन’ला द्यायची. शेलला कधीही द्यायची नाही.

ही चाळणी मुळीच वगळू नका. पलीकडच्या मशीनवर तुमच्या खात्याने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, आणि तिथला रूट (सर्वाधिकार असलेलं प्रशासक खातं), या वाटेने तुमच्या मशीनला काहीही उघडायला सांगू शकतो. लिंक नेहमी वेबचीच असते असं नाही. ‘फाइल’ने सुरू होणारी लिंक तुमच्याच डिस्कवरचं काही उघडते, आणि एखाद्या ॲपने नोंदवलेली खास लिंक ते ॲप सुरू करते. २०२२ साली गाजलेल्या ‘फोलिना’ त्रुटीत विंडोजच्या निदान-साधनाची अशीच खास लिंक हत्यार म्हणून वापरली गेली होती. फक्त पहिली ओळ वाचण्यालाही कारण आहे. तुमच्या ब्राउझरमधलं एखादं वेबपान स्वतःच १२७.०.०.१वर विनंती पाठवू शकतं. अशा विनंतीची पहिली ओळ ‘गेट’ किंवा ‘पोस्ट’ने सुरू होते, त्यामुळे ती तिथेच बाद होते.

श्रोता लॉगिनबरोबर सुरू व्हायला हवा. लिनक्सवर सिस्टमडीची यूजर सर्व्हिस करा, मॅकवर ‘कीपअलाइव्ह’ लावलेला लाँच एजंट, विंडोजवर टास्क शेड्यूलरमध्ये ‘ॲट लॉग ऑन’ ट्रिगर.

दुसरा भाग, वाट. अलीकडच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरात ‘कॉन्फिग’ फाइल असते. तिच्यात त्या सर्व्हरच्या ‘होस्ट’ विभागाखाली ‘रिमोटफॉरवर्ड’ची एक ओळ घाला. तिच्यात आधी पलीकडच्या सॉकेट फाइलचा पूर्ण पत्ता येतो, उदाहरणार्थ तुमच्या तिथल्या होम फोल्डरमधली ‘डॉट-उघड-डॉट-सॉक’, मग एक मोकळी जागा, मग १२७.०.०.१:१७८७०. पत्ता मुळापासून पूर्ण लिहा. होमसाठी वापरतात ते नागमोडी चिन्ह पलीकडच्या पत्त्यात उलगडलं जात नाही.

पलीकडेही पोर्टच का नको? पोर्टला मालक नसतो. दहा जण वापरतात त्या सर्व्हरवर पोर्ट उघडला, तर बाकीचे नऊ जणही तुमच्या ब्राउझरमध्ये लिंका धाडू शकतात. सॉकेट फाइलला मात्र परवानग्या असतात, आणि ओपनएसएसएच ती मुळातच फक्त मालकापुरती खुली ठेवतो. ही सोय ओपनएसएसएच ६.७पासून, म्हणजे २०१४पासून आहे, त्यामुळे आज जवळपास कुठेही मिळेल. अलीकडच्या बाजूला साधा पोर्ट ठेवला असल्याने अलीकडे विंडोज असलं तरी चालतं.

या रीतीतला सगळ्यात छळणारा दोष शिळ्या सॉकेटचा. वायफाय गेलं, जोडणी तुटली, पण पलीकडे सॉकेटची फाइल तशीच पडून राहते. पुढच्या वेळी एसएसएच ‘रिमोट पोर्ट फॉरवर्डिंग फेल्ड’ असा इशारा देतो आणि वाट बनत नाही. कायमचा इलाज पलीकडच्या सर्व्हरवर आहे: ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘स्ट्रीमलोकलबाइंडअनलिंक येस’ ही ओळ घालून सेवा रीलोड करायची. याच नावाचा पर्याय अलीकडच्या कॉन्फिगमध्येही चालतो, पण रिमोट फॉरवर्डला त्याचा उपयोग नाही. अनेक जण तिथेच तो लावतात आणि काही फरक का पडला नाही म्हणून शोधत बसतात. सर्व्हरचं प्रशासन तुमच्या हाती नसेल तर जोडण्याआधी एक छोटी एसएसएच कमांड चालवून ती फाइल पुसा, आणि त्या कमांडला ‘क्लिअरऑलफॉरवर्डिंग्ज येस’ हा पर्याय द्या, नाहीतर तीच कमांड पुन्हा फॉरवर्ड मागेल.

एकाच सर्व्हरवर दोन टर्मिनलं उघडली की दुसरा गुंता होतो. दुसरी जोडणी पहिलीचं सॉकेट पुसून आपलं मांडते. मग दुसरी बंद केली की पहिलीतूनही लिंका उघडेनाशा होतात. ‘कंट्रोलमास्टर ऑटो’, ‘कंट्रोलपाथ’ आणि ‘कंट्रोलपर्सिस्ट १०एम’ हे तिन्ही लावले की सगळी टर्मिनलं एकाच जोडणीवर चालतात आणि प्रश्न मिटतो. विंडोजच्या स्वतःच्या ओपनएसएसएचमध्ये कंट्रोलमास्टर चालत नाही. तिथे फॉरवर्डची ओळ वेगळ्या टोपणनावाच्या ‘होस्ट’ विभागात ठेवा आणि त्या नावाने एकच सेशन उघडा.

तिसरा भाग, पलीकडची स्क्रिप्ट. होम फोल्डरमधल्या ‘बिन’मध्ये ‘उघड’ नावाची शेल स्क्रिप्ट करा. ‘प्रिंटएफ’ने पहिलं आर्ग्युमेंट, दुहेरी अवतरणात, आणि शेवटी नवी ओळ छापायची, ते पाइपने नेटकॅटला (जोडणीवरून मजकूर पाठवणारी कमांड) द्यायचं, नेटकॅटला मोठ्या ‘यू’चा पर्याय आणि सॉकेटचा पत्ता द्यायचा. सोबत मोठ्या ‘एन’चा पर्याय दिला की निरोप संपताच जोडणी बंद होते. हे पर्याय ओपनबीएसडीच्या नेटकॅटमध्ये आहेत. डेबियनवर कधी ‘नेटकॅट-ट्रॅडिशनल’ असतो, त्यात मोठा ‘यू’ नाही. तिथे ‘नेटकॅट-ओपनबीएसडी’ पॅकेज घाला. नेटकॅटने चूक परत केली तर स्क्रिप्टने लिंक पडद्यावर छापावी, म्हणजे ती हरवत नाही. स्क्रिप्टला ‘सीएचमॉड’ने चालवण्याची परवानगी द्या.

आता ‘ब्राउझर’ व्हेरिएबलमध्ये या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता एक्सपोर्ट करा. ही ओळ ‘डॉट-प्रोफाइल’मध्ये लिहा. उबुंटू आणि डेबियनची ‘डॉट-बॅशआरसी’ इंटरॲक्टिव्ह नसलेल्या शेलमध्ये पहिल्याच ओळींत थांबते, त्यामुळे तिच्या खालच्या भागात लिहिलेलं काही प्रोग्रॅमना दिसतच नाही. पायथनचं वेबब्राउझर मॉड्यूल आणि गिटहबची ‘जीएच’ कमांड हा व्हेरिएबल मानतात. ‘एक्सडीजी-ओपन’सुद्धा मानतो, पण पलीकडे ‘डिस्प्ले’ व्हेरिएबल ठरलेला असेल, म्हणजे तुम्ही एक्स फॉरवर्डिंगने (पलीकडच्या खिडक्या अलीकडे दाखवणाऱ्या सोयीने) शिरला असाल, तर तो आधी तिथल्या ग्राफिकल ब्राउझरकडे जातो. मग पलीकडचा फायरफॉक्स नेटवर्कवरून रेंगाळत उघडतो. यावर उपाय म्हणजे त्याच ‘बिन’मध्ये ‘एक्सडीजी-ओपन’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) आपल्या स्क्रिप्टकडे करायची. ‘बिन’ फोल्डर नवाच केला असेल तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. उबुंटूचं प्रोफाइल तो लॉगिनच्या वेळीच पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) घेतं. ‘सुडो’ने चालवलेल्या कमांडला तुमचे व्हेरिएबल सहसा मिळत नाहीत.

काम झालं नाही तर पलीकडच्या चुकीचे शब्द नीट वाचा, त्यातच निदान असतं. ‘नो सच फाइल’ म्हणजे वाट बनलीच नाही: कॉन्फिगमधलं होस्टचं नाव आणि तुम्ही टाइप केलेलं नाव वेगळं आहे, किंवा सर्व्हरवर ‘अलाऊस्ट्रीमलोकलफॉरवर्डिंग’ बंद आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे फाइल आहे पण तिच्यामागे कुणी नाही, म्हणजे शिळं सॉकेट. एसएसएचच्या टर्मिनलमध्येच ‘कनेक्ट_टू … फेल्ड’ उमटलं तर वाट ठीक आहे, अलीकडचा श्रोता बंद आहे.

लॉगिन करून परत येणारी लिंक

लिंक अलीकडे उघडली, लॉगिन झालं, आणि शेवटी ब्राउझर म्हणतो की लोकलहोस्टशी (म्हणजे स्वतःच्याच मशीनशी) जोडणी झाली नाही. ही अडचण वेगळी आहे. कमांड पलीकडच्या लोकलहोस्टवर उत्तराची वाट पाहत असते, आणि तुमचा ब्राउझर अलीकडच्या लोकलहोस्टचं दार वाजवतो.

पोर्ट ठरलेला असेल तर ‘लोकलफॉरवर्ड’ने (अलीकडचा पोर्ट पलीकडे नेणारा एसएसएचचा पर्याय) तोच आकडा दोन्हीकडे जोडा. आरक्लोन ५३६८२ वापरतो, ज्युपिटर सहसा ८८८८. पोर्ट दर वेळी बदलत असेल तर कोड देणारी पद्धत निवडा: ‘एझेड लॉगिन’ला ‘यूज-डिव्हाइस-कोड’, ‘जीक्लाउड ऑथ लॉगिन’ला ‘नो-लाँच-ब्राउझर’. स्वतः सुरू न केलेल्या लॉगिनचा कोड मात्र कधीही भरू नका. दुसऱ्याने पाठवलेला कोड भरला की तुमच्या खात्यात तो शिरतो.

लॉगिन अर्ध्यात अडकलंच असेल तर एक सुटका आहे. ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्टने सुरू होणारा जो पत्ता अडकलाय तो पूर्ण कॉपी करा. पलीकडे दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘कर्ल’ लिहून तो पत्ता एकेरी अवतरणात द्या. उत्तर हवं तिथे पोचतं आणि लॉगिन पुरं होतं. अवतरण विसरलात तर पत्त्यातल्या अँपरसँड चिन्हापाशी शेल कमांड तोडते आणि अर्धाच पत्ता जातो. हे लगेच करा, असे कोड थोडाच वेळ टिकतात.

चालू सेशनमध्ये पोर्ट जोडायला पूर्वी नागमोडी चिन्ह आणि मोठा ‘सी’ दाबत. ओपनएसएसएच ९.२पासून ते मुळात बंद असतं. ‘एनेबलएस्केपकमांडलाइन येस’ लावलं तरच चालतं. कंट्रोलमास्टर असेल तर मोठ्या ‘ओ’च्या पर्यायाला ‘फॉरवर्ड’ देऊन, न तोडता पोर्ट वाढवता येतो.

फाइल उघडायची असेल तर

फाइलचा पत्ता पाठवून भागत नाही, कारण तो पत्ता अलीकडे अस्तित्वातच नसतो.

नुसतं पाहायचं असेल, पीडीएफ किंवा आलेख, तर पलीकडे पायथनचा ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ चालवा आणि ८००० पोर्ट लोकलफॉरवर्डने जोडा. त्याला ‘बाइंड’ पर्यायात १२७.०.०.१ द्यायलाच हवं. न दिल्यास तो सगळ्या नेटवर्कवर ऐकतो, आणि त्या फोल्डरमधलं सगळं कुणालाही वाचता येतं. ‘डिरेक्टरी’ पर्यायाने फक्त हवा तो फोल्डर द्या, होम फोल्डर नको. त्यात एसएसएचच्या गुप्त किल्ल्या असतात.

अलीकडच्या एक्सेलमध्ये उघडून तिथेच जतन करायचं असेल तर एसएसएचएफएस; ते पलीकडचा फोल्डर अलीकडे जोडून (माउंट करून) दाखवतं. लिनक्सवर ते पॅकेज म्हणून मिळतं, मॅकवर आधी मॅकफ्यूज लागतं, विंडोजवर विनएफएसपी आणि एसएसएचएफएस-विन. माउंट करताना ‘रीकनेक्ट’, ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=१५’ आणि ‘सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स=३’ हे पर्याय द्या. ते नसले आणि नेटवर्क गेलं, तर त्या फोल्डरला हात लावणारा प्रत्येक प्रोग्रॅम, फाइल मॅनेजरसकट, गोठतो. गोठलाच तर लिनक्सवर ‘फ्यूजरमाउंट’ला ‘यू’ आणि ‘झेड’ हे पर्याय देऊन माउंट सोडवा.

श्रोत्याला फाइलीही उघडायला शिकवायचं असेल तर पत्ता बदलण्याचा नियम त्यात घाला: पलीकडच्या ठरावीक फोल्डरने सुरू होणारा पत्ता घ्यायचा, माउंटच्या फोल्डरला जोडायचा, ‘रिअलपाथ’ने उलगडायचा आणि तो माउंटच्या आतच राहतो ना हे तपासायचं. ही तपासणी नसेल तर पत्त्यात दोन-दोन टिंबं घालून बाहेरची फाइल उघडता येते. शेवटची अक्षरं पाहूनच परवानगी द्या: पीडीएफ, पीएनजी, जेपीजी, सीएसव्ही, टीएक्सटी. चालवता येणारं काहीही या यादीत येता कामा नये.

विंडोज रिमोट डेस्कटॉप

रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’. तिथे ‘क्लिपबोर्ड’वर खूण करा, ‘मोअर’ दाबा, ‘ड्राइव्हज’ उलगडा आणि हवा तोच ड्राइव्ह निवडा. जोडल्यावर तो पलीकडच्या ‘धिस पीसी’मध्ये दिसतो, पत्ता दोन उलट्या तिरक्या रेघा, ‘टीएसक्लायंट’, पुन्हा एक रेघ आणि ड्राइव्हचं अक्षर.

सी ड्राइव्ह देऊ नका. पलीकडच्या मशीनवर रॅन्समवेअर शिरलं तर त्याला तुमच्या फाइलीही हाताशी मिळतात. डिस्क मॅनेजमेंटमधून २ जीबीची व्हीएचडी (फाइलीत राहणारी आभासी डिस्क) तयार करा, तिला अक्षर द्या आणि तीच जोडा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर व्हीएचडी आपोआप जोडली जाईलच असं धरू नका. ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी ती फाइल दोनदा क्लिक करून जोडा, मग सेशन उघडा.

फाइल त्या ड्राइव्हमध्ये कॉपी करा आणि सेशनची खिडकी लहान करून अलीकडच्या एक्सप्लोररमधून उघडा. सेशनच्या आतून दोनदा क्लिक केलं तर ती पलीकडच्याच प्रोग्रॅममध्ये उघडते, आणि तीही नेटवर्कवरून पुन्हा ओढून. लिंकसाठी क्लिपबोर्ड पुरतो. कॉपी-पेस्ट अचानक बंद पडलं तर पलीकडे टास्क मॅनेजरमध्ये ‘आरडीपीक्लिप’ प्रक्रिया संपवा आणि रन खिडकीतून पुन्हा सुरू करा; सेशन तोडावं लागत नाही.

ड्राइव्ह निवडूनही दिसतच नसेल तर पलीकडच्या ग्रुप पॉलिसीत ‘डू नॉट अलाऊ ड्राइव्ह रीडायरेक्शन’ चालू असण्याची शक्यता जास्त. कार्यालयाच्या मशीनवर हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो. त्याला वळसा घालणारी साधनं शोधू नका. आयटी विभागाला कोणती फाइल, कशासाठी आणि किती वेळा बाहेर काढायची आहे ते लिहून कळवा आणि मंजूर वाट मागा.